अमेरिकेतल्या भाड्याच्या घरातली इलेक्ट्रिक रेंज: बिघाड कसा ओळखायचा, निगा कशी राखायची

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी घरांतून पहिल्या महिन्यात दोन तक्रारी हमखास येतात. ‘बर्नर बंद केला तरी फोडणी करपली’ आणि ‘भाजी उकळते, थांबते, पुन्हा उकळते, शेगडी बिघडलीय वाटतं.’ दोन्ही वेळा रेंज उत्तम चालू असते. म्हणून बिघाडाकडे वळण्याआधी ही वस्तू चालते कशी, ते समजून घेऊ. तेवढ्यानेच निम्म्या शंका फिटतात.

रेंज म्हणजे वर चार बर्नर आणि खाली अवन असं एकच यंत्र. अमेरिकेत भिंतीतल्या साध्या प्लगला १२० व्होल्ट मिळतात, पण रेंजला २४० लागतात. त्यासाठी घरात येणाऱ्या १२० व्होल्टच्या दोन तारा रेंजपर्यंत आणलेल्या असतात. बर्नर आणि अवन या दोन्ही तारांवर मिळून चालतात. घड्याळ आणि अवनमधला दिवा मात्र सहसा एकाच तारेवर चालतो. हे लक्षात ठेवा, पुढे बिघाड शोधताना याचा मोठा उपयोग होतो.

मोठ्या अपार्टमेंट इमारतींत पुष्कळदा २४० ऐवजी २०८ व्होल्टच येतात. त्यामुळे त्याच बर्नरची ताकद साधारण तीन चतुर्थांश उरते. मैत्रिणीच्या स्वतंत्र घरात चहा लवकर होतो आणि आपल्याकडे वेळ लागतो, याचं कारण बरेचदा एवढंच असतं. त्यासाठी मेंटेनन्सवाल्याला बोलावून उपयोग नाही.

आता नॉबविषयी. गॅसची ज्योत लहान केली की आच खरोखर कमी होते. इथे नॉब ५ वर ठेवला तरी बर्नरमध्ये वीज पूर्णच जाते, पण काही सेकंद जाते आणि काही सेकंद थांबते. नॉब जितका वर, तितका चालू राहण्याचा वेळ जास्त. आमटी उकळून थांबते आणि पुन्हा उकळते, ती यामुळे. मधूनमधून येणारा बारीक ‘टक’ असा आवाजही त्याचाच. जाड बुडाचं भांडं घेतलं की ही चढउतार जाणवेनाशी होते.

आणि फोडणी. कॉइल, म्हणजे बर्नरचं तापणारं वेटोळं, लाल झाली की नॉब बंद केल्यावरही ती कितीतरी मिनिटं तापलेली राहते. म्हणून इथे आच कमी करायची नसते, भांडं हलवायचं असतं. मोहरी तडतडली की कढलं उचलून शेजारच्या थंड बर्नरवर ठेवा. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की कुकरही तसाच सरकवा. दूध तापवताना साय वर येऊ लागली की नॉबकडे हात नेऊ नका, पातेलं उचला. ही सवय लागायला दोन आठवडे लागतात. मग काही वाटत नाही.

घरात पाऊल टाकल्यावर पहिल्या दिवशी करायची कामं

चाव्या मिळाल्या की सामान लावायच्या आधी रेंजचे फोटो काढा: वरचा पृष्ठभाग, बर्नरखालच्या वाट्या, अवनचा तळ, दाराची काच. जुने ओरखडे आणि डाग फोटोत असले की घर सोडताना डिपॉझिटच्या बोलण्यात ते उपयोगी पडतात. चारही बर्नर आणि अवन एकेकदा तापवून बघा. जे चालत नसेल ते त्याच दिवशी लेखी कळवा, ई-मेलने किंवा इमारतीच्या पोर्टलवर. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

खालचा ड्रॉवर उघडा किंवा अवनचं दार उघडून चौकटीच्या कडेला पाहा. तिथे मॉडेल नंबरची पट्टी असते. तिचाही फोटो काढून ठेवा. माहितीपुस्तिका, सुटे भाग, एरर कोड, सगळं त्या नंबरावरून सापडतं.

यानंतरचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि नव्याने आलेल्यांपैकी जवळपास कुणालाच ते माहीत नसतं. अवनचं दार उघडून त्यावर वजन पडलं, म्हणजे लहान मूल त्यावर चढून उभं राहिलं, तर अख्खी रेंज पुढे कलंडू शकते, वरच्या उकळत्या भांड्यांसकट. हे टाळण्यासाठी मागच्या पायापाशी जमिनीला किंवा भिंतीला एक धातूची पकड बसवलेली असते, तिला अँटी-टिप ब्रॅकेट म्हणतात. १९९१ पासून अमेरिकेतल्या रेंजबरोबर ती द्यावी लागते. पण दिलेली असणं वेगळं आणि बसवलेली असणं वेगळं. खालचा ड्रॉवर बाहेर काढून टॉर्चने मागे बघा. रेंजचा मागचा पाय त्या पकडीत अडकलेला दिसला पाहिजे. दिसत नसेल तर घरमालकाला किंवा लीजिंग ऑफिसला ब्रॅकेट बसवून द्यायला सांगा. काम थोड्या वेळाचं आहे. घरात रांगणारं किंवा चालणारं मूल असेल तर बसवून होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

शेवटी ब्रेकर, म्हणजे रेंजची वीज तोडणारा खटका, शोधून ठेवा. कपाटात, बाल्कनीच्या दारामागे किंवा जिन्याखाली एक लोखंडी झाकणाचं पॅनेल असतं. त्यात दोन खटके एकत्र जोडलेले आणि वर ४० किंवा ५० लिहिलेलं दिसलं तर बहुधा तोच रेंजचा. शेजारी नाव लिहिलेलं नसेल तर तो पाडून, म्हणजे ‘ऑफ’कडे ढकलून, रेंजचं घड्याळ बंद होतं का बघा आणि चिठ्ठी चिकटवा.

बर्नर तापत नाही

एकच बर्नर तापत नसेल आणि तुमची रेंज कॉइलची असेल, म्हणजे वर गोल वेटोळी दिसत असतील, तर तपासणी सोपी आहे. कसलंही हत्यार लागत नाही.

आधी सगळे नॉब बंद आहेत आणि कॉइल पूर्ण थंड आहे याची खात्री करा. ब्रेकर पाडलात तर उत्तमच. मग कॉइलचं जे टोक आत खुपसलेलं असतं त्याच्या समोरची कड हलकेच वर उचला, साधारण एक इंच, आणि कॉइल सरळ बाहेर ओढा. जास्त उंच उचलू नका, आतला सॉकेट वाकतो. आता त्याच मापाची दुसरी, चालणारी कॉइल इथे बसवून बघा. बहुतेक रेंजवर दोन ६ इंची आणि दोन ८ इंची कॉइल असतात, त्यामुळे जोडीदार मिळतोच.

चांगली कॉइल इथे तापली, तर जुनी कॉइल गेली. नवीन आणली की काम झालं. चांगली कॉइलही इथे तापत नसेल, तर दोष सॉकेटमध्ये किंवा नॉबमागच्या स्विचमध्ये आहे. टॉर्च घेऊन सॉकेटमध्ये बघा. काळं पडलेलं, वितळलेलं किंवा ठिणगीच्या खुणा असलेलं सॉकेट बदलावंच लागतं. अशा सॉकेटमध्ये नवी कॉइल खुपसली तर काही दिवसांत तिची टोकंही जळतात. म्हणून सॉकेट जळालं असेल तर कॉइल आणि सॉकेट दोन्ही बदलून घ्यायचे. सॉकेट चांगलं दिसत असूनही बर्नर थंडच, किंवा बर्नर चालतो पण नॉब कुठेही ठेवला तरी पूर्ण लालच होतो, तर स्विच गेला असं समजा.

कॉइल बदलणं भाडेकरूने करायला हरकत नाही. सॉकेट आणि स्विच बदलायला मात्र आतल्या तारांना हात लावावा लागतो, तिथे थांबा आणि मेंटेनन्सला बोलवा. ‘चालणारी कॉइल लावून पाहिली, तरी तापत नाही’ एवढं लिहून कळवलंत तर येणारा माणूस योग्य भाग घेऊन येतो आणि दुसरी फेरी वाचते.

साधारण २०१९ पासूनच्या नव्या कॉइल रेंजवर आणखी एक गोष्ट दिसते. कॉइलच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली चांदीसारखी चकती. ती भांड्याच्या बुडाला टेकते आणि बूड फार तापलं की वीज तोडते. तेलाला आग लागू नये म्हणून ही सोय आहे. आपली गोल बुडाची कढई, किंवा वर्षानुवर्षं वापरून फुगलेला तवा त्या चकतीवर नीट बसत नाही. मग बर्नर सारखा बंद पडतो आणि भाकरी कच्ची राहते. चकती काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सपाट, जाड बुडाचं भांडं घ्या. बूड सपाट आहे का ते पाहायला भांडं ओट्यावर ठेवून बोटाने फिरवा. गरगर फिरलं तर बूड फुगलेलं आहे.

सगळेच बर्नर थंड

इथे ती दोन तारांची गोष्ट कामाला येते. घड्याळसुद्धा बंद असेल तर रेंजपर्यंत वीजच येत नाही. ब्रेकर बघा. पडलेला ब्रेकर पुष्कळदा मध्येच अडकलेला दिसतो. त्याला आधी पूर्ण ‘ऑफ’कडे ढकलायचं, मगच ‘ऑन’कडे. नुसता ‘ऑन’कडे ढकलला तर तो बसत नाही.

घड्याळ चालू, अवनचा दिवा चालू, पण एकही बर्नर तापत नाही, तर दोनपैकी एक तार तुटलेली किंवा सैल आहे. ब्रेकरचा अर्धा भाग गेलेला असेल, नाहीतर मागच्या जाड प्लगमध्ये जोड सैल झाला असेल. ब्रेकर एकदा पूर्ण पाडून पुन्हा लावून बघा. फरक पडला नाही तर पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं. सैल जोड तापतो आणि आग तिथूनच सुरू होते. रेंज ओढून मागचा प्लग स्वतः हलवून बघायला जाऊ नका.

ब्रेकर पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो लावत बसू नका. कुठेतरी शॉर्ट आहे. ब्रेकर पाडूनच ठेवा आणि कळवा. जळका वास किंवा ठिणगी दिसली तरी हेच करा.

अवन गरम होत नाही

खरा बिघाड शोधायच्या आधी तीन गोष्टी बघा. डिस्प्लेवर कुलपाचं चित्र किंवा ‘लॉक’सारखी अक्षरं आहेत का? लहान मुलांसाठी बटणं बंद करायची सोय असते आणि पुसताना हात लागून ती चालू होते. कुलपाचं चिन्ह असलेलं बटण साधारण तीन सेकंद दाबून ठेवलं की सुटतं. दुसरं, ‘डिले’ म्हणजे उशिरा सुरू होण्याचा टायमर चुकून लागलाय का? तिसरं, वीज जाऊन आल्यावर घड्याळ लुकलुकत असेल तर आधी वेळ लावा. काही मॉडेलांत त्याशिवाय अवन सुरूच होत नाही.

हे सगळं ठीक असेल तर अवनमध्ये डोकावून बघा. खालची तापणारी नळी म्हणजे बेक एलिमेंट, वरची म्हणजे ब्रॉइल एलिमेंट. अवन लावल्यावर खालची लाल होत नसेल आणि तिच्यावर फोड, भेग किंवा जळून तुटल्याची जागा दिसत असेल तर निदान तिथेच झालं. काही नव्या मॉडेलांत ही एलिमेंट तळाच्या पत्र्याखाली लपवलेली असते. तिथे असं नुसतं पाहून कळत नाही.

घर स्वतःचं असेल तर दिसणारी बेक एलिमेंट बदलणं जमण्यासारखं आहे. ब्रेकर पाडा. अवनचा दिवा आणि घड्याळ बंद झाले ना, बघा. मागच्या भिंतीवरचे दोन स्क्रू काढून एलिमेंट हळूच पुढे ओढली की तिला जोडलेल्या दोन तारा दिसतात. तारा सोडवायच्या आधीच त्यांना कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. नाहीतर त्या सुटताक्षणी भिंतीमागच्या भोकात जातात आणि मग पूर्ण रेंज ओढून मागचा पत्रा उघडावा लागतो. नवी एलिमेंट मॉडेल नंबरावरूनच मागवा. दिसायला सारखी असणं पुरत नाही.

मल्टीमीटर वापरता येत असेल तर ब्रेकर पाडलेला असताना, तारा सोडवून एलिमेंटच्या दोन टोकांमध्ये रोध मोजा. चांगली एलिमेंट साधारण १५ ते ३० ओहम दाखवते. गेलेली असेल तर आकडाच येत नाही. अवनच्या आत वरच्या कोपऱ्यात पेन्सिलसारखी बारीक दांडी असते, तो तापमानाचा सेन्सर. बहुतेक रेंजमध्ये घरातल्या तापमानाला त्याचा रोध १,१०० ओहमच्या आसपास असतो. भलताच आकडा आला तर सेन्सर बदलायचा. डिस्प्लेवर ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा कोड येत असेल तर तो लिहून घ्या आणि माहितीपुस्तिकेत बघा. प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा असतो.

अवन तापतो, पण केक मध्ये कच्चा राहतो किंवा नानखटाई करपते, तर तापमानाचा अंदाज चुकतोय. किराणा दुकानात थोड्या डॉलरांत मिळणारा अवन थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवा, ३५० फॅरनहाइट म्हणजे सुमारे १७७ सेल्सिअस लावा आणि अर्धा तास दार न उघडता थांबा. मग दहा-दहा मिनिटांनी तीन-चार वेळा आकडा वाचून सरासरी काढा. अवन सेट केलेल्या आकड्याच्या वर-खाली होत राहतो, त्यामुळे एका वाचनावर भरवसा ठेवू नये. सरासरीत २०-३० फॅरनहाइट अंशांचा फरक असेल तर तो बहुतेक रेंजवर बटणांतूनच दुरुस्त करता येतो. साधारण ३५ फॅरनहाइट अंशांपर्यंत वर किंवा खाली. पद्धत पुस्तिकेत असते.

काचेचा ओटा असेल तर

वर सपाट काळी काच असलेल्या रेंजमध्ये काचेखालची पट्टी लाल होते आणि मधूनच विझते. काच फार तापू नये म्हणून एक मर्यादा-स्विच तिला तोडत असतो. हाही बिघाड नाही. ‘हॉट सरफेस’चा दिवा विझेपर्यंत काचेवर हात, फडकं, प्लास्टिकची पिशवी काही ठेवू नका.

या काचेचा खरा शत्रू आहे साखर. पुरण घोटताना गूळ शिंतोडतो, गुलाबजामचा पाक उतू जातो, चिक्कीचा थेंब पडतो. इतर डाग काच थंड झाल्यावर पुसायचे, साखर-गुळाचा मात्र गरम असतानाच काढायचा. थंड होताना साखर काचेला धरते आणि काचेचा कपचा घेऊन निघते. तो खड्डा कायमचा राहतो. बर्नर बंद करा, हातात जाड मिट, म्हणजे अवनचा हातमोजा, घाला आणि ब्लेडच्या स्क्रेपरने पाक थंड भागाकडे ओढून घ्या. ब्लेड आडवं, काचेला जवळजवळ टेकलेलं धरा. उभं धरलं तर ओरखडा पडतो. मी संक्रांतीला वड्यांचा पाक करते तेव्हा स्क्रेपर आणि मिट आधीच शेजारी काढून ठेवते.

रोजच्या सफाईला मऊ फडकं आणि काचेच्या ओट्यासाठी मिळणारं क्रीम पुरतं. हिरवी खरखरीत घासणी आणि अमोनियाचा खिडक्यांचा स्प्रे दोन्ही टाळा. ॲल्युमिनियमच्या कुकरचे राखाडी पट्टे उमटतात, ते क्रीमने जातात. बिडाचा तवा वापरायला हरकत नाही, फक्त सरकवू नका, उचलून ठेवा. भांड्याच्या बुडाला मिठाचा किंवा साखरेचा कण चिकटलेला नाही ना, हे हात फिरवून बघा. आणि काचेला तडा गेला तर रेंज वापरणं त्याच क्षणी बंद करा, ब्रेकर पाडा. उतू गेलेलं पाणी तड्यातून खालच्या विजेच्या भागांपर्यंत पोचतं.

सफाई, धूर आणि आग

कॉइलखालच्या वाट्या आठवड्यातून एकदा काढून गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. त्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरू नका, फॉइल सॉकेटला टेकून शॉर्ट होऊ शकतं. अवनच्या तळालाही फॉइल लावू नये, उष्णता अडते आणि फॉइल तळाला चिकटून बसतं. वांग्याचं भरीत करताना फॉइल ट्रेवर लावा. वांग्याला टोचे मारा, तेलाचा हात लावा आणि ब्रॉइलखाली उलटंपालटं करत भाजा. छान भाजलं जातं.

सेल्फ-क्लीन चालू केलं की अवन जवळजवळ ९०० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ४८० सेल्सिअसपर्यंत तापतो, दार कुलूपबंद होतं आणि मळाची राख होते. त्याआधी जाळ्या आणि ट्रे बाहेर काढा, मोठा मळ हाताने पुसून घ्या, खिडक्या उघडा, पाळलेला पक्षी असेल तर त्याला दुसऱ्या घरी ठेवा. इतक्या उष्णतेने कधीकधी आतला फ्यूज किंवा दाराचं कुलूप जातं. म्हणून दिवाळीच्या किंवा घरी पंगत असेल त्याच्या आदल्या आठवड्यात हे करू नका. मी स्वतः खाण्याच्या सोड्याची पेस्ट रात्रभर लावून सकाळी ओल्या फडक्याने पुसते. वेळ जातो, पण काही बिघडत नाही. दाराभोवतीची विणलेली पट्टी मात्र घासायची नाही.

जागा कमी म्हणून तवे, डबे अवनमध्ये ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. आमच्याकडेही होती. एका पाहुणीने अवन तापायला लावला आणि आतल्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण वितळून जाळीवरून तळापर्यंत ओघळलं. तेव्हापासून आमच्या अवनमध्ये काहीही ठेवलं जात नाही.

अपार्टमेंटमधला हूड बऱ्याचदा धूर बाहेर टाकत नाही, गाळून तीच हवा पुन्हा घरात सोडतो. त्याची धातूची जाळी महिन्यातून एकदा गरम साबणाच्या पाण्यात भिजवून धुवा. आत कोळशाचा फिल्टर असेल तर तो धुता येत नाही, बदलावा लागतो. फोडणी मागच्या बर्नरवर, हूडच्या थेट खाली करा, मध्यम आचेवर, आणि तेल तापायच्या आधीच पंखा लावा. तरीही स्मोक अलार्म वाजला तर खिडकी उघडा आणि त्याच्याजवळ टॉवेल हलवा. बॅटरी काढून ठेवू नका.

तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात टाकायचं नाही. नॉब बंद करायचा, कढईवर झाकण बाजूने सरकवत बसवायचं आणि पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचं नाही. कढई उचलून सिंककडे न्यायची नाही. आग अवनमध्ये असेल तर दार बंदच ठेवून अवन बंद करा. झाकणाने आग विझत नसेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून ९११ ला फोन करा. झाकण आधीपासून हाताशी असेल तरच हे जमतं. तळण सुरू करताना कढईच्या मापाचं झाकण शेजारी काढून ठेवा.